नऊ पॉइंट दोन

चंद्रपुरात फिरायला जायची वेळ कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सूर्य उगवायच्या आधी गेलं तर बिबट्या, उगवल्यावर गेलं तर ऊन. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठलाच दुपट्टा डोक्याला गुंडाळावा लागतो आणि दुपारी पारा सत्तेचाळीसच्या पुढे गेला तरी इथे कोणी दचकत नाही. उलट एखादा म्हणतो, ‘कालच्यापेक्षा आज बरं आहे.’ राहिली संध्याकाळ. संध्याकाळी बिबट्यालाही पाय मोकळे करायचे असतात. शिवाय कुकर लावायचा असतो.

मी तुकूममध्ये राहते. ताडोब्याचा रस्ता आमच्याच बाजूने जातो आणि पलीकडे दुर्गापूर, ऊर्जानगर, महाऔष्णिक वीज केंद्र. केंद्राच्या परिसरात माजलेली झुडपं आहेत, पाणी आहे, रानडुकरं आहेत, मोकाट कुत्री आहेत. इतकी सोय असताना जनावराने जंगलातच का राहावं? हे हसत बोलले तरी गंमत नाही. २०२२च्या फेब्रुवारीत लागोपाठच्या दोन दिवसांत केंद्रातल्या एका कामगाराचा वाघाने आणि दुर्गापुरातल्या एका मुलाचा बिबट्याने जीव घेतला. त्यानंतर आमच्या गल्लीत दिवेलागणीच्या आत दारं बंद व्हायची.

मात्र त्यामुळे न चालण्याला माझ्याकडे असं भक्कम कारण आहे, की पुण्याच्या बहिणीला हेवा वाटावा. ती म्हणते, ‘अगं, सकाळी उठायचा कंटाळा येतो.’ मी म्हणते, ‘अगं, वाघ येतो.’

माझ्या तब्येतीची चौकशी अशी कोणी मुद्दाम केलीच नाही. ती उरलेल्या पट्टीवर झाली. मी मूल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, चंद्रपूरहून अपडाउन करते. २०२२च्या नवरात्रात सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम काढली. अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची तपासणी. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लागलं आणि गावातल्या मातांना गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कोणी धानाच्या बांधावर होती, कोणी चुलीपाशी. मी घरोघर फिरून त्यांना आणलं, ओळीत बसवलं, नावं लिहिली, वजनं लिहिली, ‘स्वतःकडे लक्ष द्या’ म्हणून भाषणही दिलं. शेवटी सामान आवरताना सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, एक पट्टी उरली आहे. टोचू का?’

उरलेलं वाया घालवायचं नाही हा आमच्या घराण्याचा धर्म. पोरीच्या ताटातली अर्धी पोळी, कालची आमटी, पातेल्याच्या बुडाची खरवड हे सगळं माझ्याच पोटात जातं, तिथे सरकारी पट्टी कशी सोडू? मी बोट पुढे केलं. यंत्रावर आकडा आला नऊ पॉइंट दोन. बाईचं हिमोग्लोबिन बारा तरी हवं, हे मीच फळ्यावर लिहिते. सिस्टरनी वजन विचारलं, तेव्हा मी लग्नातलं सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा काट्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

यात आणखी एक लाज होती. आमच्या शाळेत सोमवारी मुलींना लोहाच्या निळ्या गोळ्या मिळतात. त्या मीच वाटते. गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेलं काही खा, हे सगळं मी इतकं ठासून सांगते की पाचवीतल्या पोरींनाही पाठ आहे. आता मला गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्या घ्यायची निवांत वेळ दिवसात एकच सापडली: सकाळचा चहा.

पाण्याचंही तेच. उन्हाळ्यात पोरांसाठी तासातासाला पाण्याची घंटा वाजवते आणि स्वतः थेंब घेत नाही. कारण बसचा प्रवास लांबचा, आणि वाटेतल्या, शाळेतल्या सोयींबद्दल न बोललेलं बरं. नोकरी करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती कोणत्या गावाला किती घोट पाणी प्यायचं हे नकाशासारखं सांगेल.

घरी येऊन आकडा सांगितला. सासूबाई शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, ‘काही नाही होत वो. बाईच्या जातीले थोडंफार दुखनं रायतेच.’

सासूबाईंचं माहेर गडचिरोलीकडचं. म्हटलं, यांना पुराव्यानेच पटवावं. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास छापून आला होता. गडचिरोलीजवळच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तर ९२ टक्के बायकांना स्त्रियांच्या आजारांपैकी काही ना काही होतं. आणि याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर जगभरात खेड्यातल्या बाईची तब्येत म्हणजे तिचं बाळंतपण, एवढंच धरलं जायचं. बाळंतपणाच्या अलीकडे-पलीकडेही बाईला अंग असतं, हे या दोन गावांनी दाखवून दिलं. मी सासूबाईंना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मंग बाकीच्या आठ जनी कोन्या गावच्या?’

बंगांचंच नाव आमच्या घरात दुसऱ्या कारणाने आदराने घेतलं जातं. डॉ. अभय बंगांना ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. विदर्भात चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला ते कोणी ना कोणी भेट देतंच. आमच्या घरी दोन प्रती आहेत. ह्यांनी पुस्तक एका बैठकीत वाचलं, मिटलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, ‘उद्यापासून मी तेल सोडलं.’ म्हणजे उद्यापासून मी बिनतेलाच्या भाज्या शिकले. ह्यांनी मीठ कमी केलं, म्हणजे मी दोन वेगळ्या भाज्या टाकायला लागले. ह्यांनी ध्यान सुरू केलं, म्हणजे मी त्या अर्ध्या तासात मिक्सर लावायचा बंद केला. पुरुषाने तब्येत मनावर घेतली की त्या कामाला दोन माणसं लागतात. बाईने मनावर घेतली की एकच, आणि तेही तेच दुसरं माणूस.

मग मी नागपूरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडून तक्ता मागवला. त्यात पहिलीच ओळ: भात बंद.

या बाई कधी ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे आल्या नसाव्यात. आमच्याकडे जेवलास का असं विचारत नाहीत, भात खाल्ला का असं विचारतात. एचएमटी तांदूळ याच जिल्ह्याने देशाला दिला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने आपल्या शेतात वेगळी दिसलेली लोंबी हेरली, ती वर्षानुवर्षं निवडत नेली आणि त्या काळी ज्याची चलती होती त्या मनगटी घड्याळाचं नाव त्या धानाला पडलं. शाळेत फारसं न शिकलेल्या माणसाने केलेलं हे संशोधन पोरांना सांगताना मला दरवेळी भरून येतं. आणि ते संशोधन ताटातून काढायचं?

माझं माहेर वरोऱ्याकडचं. तिकडे कापूस आणि ज्वारी. त्यामुळे भाकरी थापायला हात तयार होता. पण सासूबाईंनी ज्वारीची भाकरी पाहिली आणि त्यांना तो तब्येतीचा नाही, माहेरचा मुद्दा वाटला. ‘भात नाही त मंग जेवन कायचं?’ त्यांनी विचारलं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना ऐकलं, ‘सूनबाई आजकाल वऱ्हाडात जेवते.’ पण पुढे झालं ते असं. भाकरी माझ्या एकटीसाठी करायची म्हटलं तरी पीठ चौघांचं मळलं जातं. सासूबाई आधी कुरकुरत, मग जवसाची चटणी घेऊन आणि मग मागून खायला लागल्या. उरलेला भात मात्र कोणी तरी संपवायला हवा होता. तो मी संपवला.

हिरव्या पालेभाज्यांचंही तसंच. पावसाळ्यात बाजारात तरोटा येतो, अंबाडी येते, गडचिरोलीकडून बांबूचे कोवळे वास्ते येतात. निवडायला वेळ, शिजायला वेळ, आणि खायला बसलं की पातेल्यात तळाशी चमचाभर. मुलगी अंबाडीची भाजी दोनदा वाढून घेते, आणि बारावीतल्या पोरीला ‘थांब, हे माझ्या हिमोग्लोबिनचं आहे’ असं म्हणायला कोणत्या आईची जीभ रेटते?

शेवटी ठरवलं, जे काही खायचं ते घराबाहेर आणि गुपचूप. नणंदेकडे बारशाला गडचिरोलीला गेले होते, तिथे बचत गटाच्या बायकांनी केलेले मोहफुलांचे लाडू मिळाले. वाळलेली फुलं भाजून, तीळ, शेंगदाणे आणि गूळ घालून वळलेले. ‘मॅडम, रक्त वाढते,’ विकणारी म्हणाली. मी स्टीलचा मोठा डबा भरून घेतला. पर्समध्ये ठेवायचा, बसमध्ये एक, मधल्या सुट्टीत एक, घरात कोणाला पत्ता नाही.

दुपारची गाडी होती. बाहेर आग, आत त्याहून जास्त. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत गुळाला पाझर सुटला आणि डब्याचं झाकण किंचित उचललं गेलं. भाजलेल्या मोहाचा वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचं नाही. गोड, जड, डोक्यात चढणारा. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ला आली आणि २०२१ला उठली. म्हणजे चोरून माल जातो तो चंद्रपूरकडून गडचिरोलीकडे. उलट्या दिशेने वास घेऊन येणारी बहुधा मीच.

पुढच्या सीटवरच्या बाईने पदर नाकाला लावला. दोघा-तिघांनी माना वळवल्या. कंडक्टर मागे आला. शेवटच्या बाकावर धोतर नेसलेले एक म्हातारबा खिडकीला डोकं टेकून घोरत होते. ‘का जी काका,’ कंडक्टरने त्यांना हलवलं, ‘भर दुपारी घेऊन बसले का?’ मी खिडकीबाहेर पाहत होते. मूल्यशिक्षणाच्या तासाला असतो तो चेहरा मी लावून घेतला होता. म्हातारबा जागे झाले, त्यांनी लांब श्वास घेतला, आणि म्हणाले, ‘हा दारूचा वास नोहे. भुजल्या फुलाचा हाय. लाडू असन कोनापाशी.’ आणि थेट माझ्या पर्सकडे पाहिलं.

आता काय करणार. डबा काढला. पहिला लाडू म्हातारबांना दिला, कारण माझ्यापायी त्यांची अब्रू जाणार होती. दुसरा कंडक्टरला, तिसरा पदरवालीला. तिच्या मांडीवर दोन पोरं होती. सावली गाव येईतो अर्धा डबा संपला, मूल येईतो सगळा. म्हातारबांनी उतरताना बोटं चाटत सांगितलं, ‘तीळ कमी पडले बाई.’

दिवाळीनंतर ह्यांनी सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायचं काढलं. सगळ्यांचं म्हणजे ह्यांचं, सासूबाईंचं आणि मुलीचं. मी तिघांना घेऊन गेले, तिघांचे कागद सांभाळले, तिघांना टोचताना धीर दिला. ह्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं होतं. सासूबाईंची साखर कधी नव्हे ती ताब्यात होती. मुलीचं हिमोग्लोबिन बारा पॉइंट सहा. ह्यांनी ते कागद नातेवाइकांच्या गटावर टाकले, खाली लिहिलं: ‘मनावर घेतलं की होतं.’ पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागली. एक अंगठा माझाही होता.

त्यानंतरच्या एका रविवारी मी एकटी लॅबमध्ये गेले. तिथला मुलगा मला चांगला ओळखतो. त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. ‘ताई, पेशंट गाडीत आहे का?’

‘पेशंट मी,’ म्हटलं.

त्याला जरा वेळ लागला. मग त्याने उपाशीपोटीचं रक्त घेतलं आणि म्हणाला, ‘साखर पण बघायची ना? मग आता काहीतरी खा आणि बरोबर दोन तासांनी परत या. मध्ये धावपळ नको, काम नको. आकडा चुकतो.’

काम नको. हे वाक्य मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि आता एक पांढऱ्या कोटातला मुलगा ते वैद्यकीय सूचना म्हणून देत होता. मी घरी फोन केला. ‘दोन तास हलू नको म्हणालेत,’ सांगितलं. ‘मग भात?’ ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘आकडा चुकतो.’ रविवारी सकाळी डाळ-तांदळाचे डबे कुठे आहेत हे त्यांना सापडलं असावं, कारण परत फोन आला नाही.

समोरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले. गरम, वर लाल तवंग, लिंबू पिळून. मग लॅबच्या बाकावर येऊन बसले. पंखा होता. कोपऱ्यात जुने दिवाळी अंक पडले होते, त्यातला एक पहिल्या पानापासून वाचायला घेतला. एक बाई येऊन म्हणाली, ‘तुमचा नंबर कितवा?’ मी म्हटलं, ‘मला घाई नाही.’ एवढं बोलून मला स्वतःलाच कौतुक वाटलं. पाणीही भरपूर प्यायले, कारण लॅबमधली सोय स्वच्छ होती.

संध्याकाळी रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन दहा पॉइंट चार, म्हणजे वाढत होतं, बसने डबा कितीही रिकामा केला तरी. साखर अगदी नॉर्मल. मुलाने कागद हातात देत सांगितलं, ‘ताई, साखर परत बघायची आता वर्षभर तरी गरज नाही.’

‘वर्षभर?’ मी विचारलं. ‘आमच्या माहेरी सगळ्यांना शुगर आहे रे. दर महिन्याला बघितलेली बरी, नाही का?’