गालिच्याचं सोवळं

साताऱ्यात हल्ली दिवाणखान्यात गालिचा असतो, पण तो दिसत नाही. मळू नये म्हणून त्यावर सतरंजी, सतरंजी मळू नये म्हणून तिच्यावर चादर. पाहुणा आला की घरमालकीणबाई आधी त्याच्या तळपायांकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. चहा सांडलाच तर कोरड्या फडक्यानं टिपायचा, घासायचा नाही, एवढं साधं तंत्र. पण घरातले सगळे चहूबाजूंनी घासत सुटतात आणि बशीएवढा डाग ताटाएवढा करून ठेवतात. व्हॅक्यूम क्लीनर आहे की! माळ्यावर, खोक्यात. जुलैत उन्हाचा पत्ता नाही, गालिच्याला कुबट वास. त्यावर उपाय काय, तर उदबत्ती.

सांगलीत ही हौस कृष्णामाई परस्पर फेडते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर घरोघरचे गालिचे गाळानं जड होऊन रस्त्यावर आले.

इकडे माणदेशी घोंगडं. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ. झटकलं, उन्हात टाकलं, झालं. पण ते म्हणे टोचतं! टोचू द्या. एक आणा, आणि पाहुण्याला त्यावर खुशाल मांडी घालून बसू द्या.