कोणाचा उजवा?

शेतातली जागा सांगताना आमच्या यवतमाळकडचा कास्तकार सहसा चुकत नाही. उगवतीच्या धुऱ्यावर पळस, तिथून पराटीची चार तासं सोडून साप दिसला, एवढं त्यानं सांगितलं की ऐकणारा ती जागा अंधारातही टाळतो. हाच माणूस कंबर धरून ओपीडीत आला, की त्याच्या साऱ्या दिशा हरवतात. "साहेब, इकून चमक निंगते अन् तिकडं जाते." इकून म्हणजे कुठून? "हे काय, इकून!" तोवर हात कमरेवरून पोटरीपर्यंत जाऊन परतही आलेला असतो. डॉक्टरला मात्र कळतं. कमरेतून निघून पायाच्या मागून उतरणारी ही सायटिकाची वाट त्याच्या रोजच्या पाहण्यातली.

शरीराला उगवत-मावळत नाही, ही खरी अडचण. माणूस कूस बदलतो, पालथा पडतो, आणि वरचं-खालचं सगळं फिरतं. म्हणून शरीररचनाशास्त्रानं ठरवून टाकलं: माणूस कसाही पडलेला असो, तो ताठ उभा आहे, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे, असंच धरायचं. यवतमाळात १९८९ साली सुरू झालेल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही पहिल्या वर्षाच्या पोरांची सुरुवात इथूनच. टेबलावर देह आडवा, वहीत मात्र उभा! डोक्याकडचं ते सुपिरिअर, पायांकडचं इन्फिरिअर. मधल्या रेषेजवळचं मीडिअल, लांबचं लॅटरल. तळवे पुढेच का? तर तळवा मागे फिरवला, की कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावर आडवं येतं आणि अंगठा आतल्या बाजूला जातो. तळवा पुढे धरला, की अंगठा बाहेरच्या बाजूला. वाद मिटला.

आणि उजवा म्हणजे नेहमी पेशंटचा उजवा. समोर बसलेल्या डॉक्टरनं तो आपल्या डाव्या हाताला शोधायचा. एक्स-रेसुद्धा पेशंट समोर उभा असल्यासारखाच लावतात. त्यामुळे डावीकडे झुकलेलं हृदय बघणाऱ्याच्या उजवीकडे दिसतं. डवऱ्यामागे चालणाऱ्याला ही कसरत कधी पडली नाही. तो बैलांच्या पाठीमागे, तेव्हा त्याचा उजवा तोच बैलांचाही उजवा.

पण बैलापाशी आलं, की माणसांच्या डॉक्टरची भाषा अडखळते. आपलं पोट पुढे, बैलाचं खाली. आपलं डोकं वर, बैलाचं पुढे. म्हणून गुरांचे डॉक्टर डोक्याकडचं, शेपटीकडचं, पाठीकडचं, पोटाकडचं असं बोलतात. जनावर उभं असो की बसलेलं, शेपूट काही जागा सोडत नाही. दोन पायांवर उभं राहण्याची हौस आपली, तेव्हा वेगळी भाषा शिकण्याचा भुर्दंडही आपणच भरायचा.

एवढी चोख भाषा हाताशी असूनही डाव्या-उजव्याच्या बाबतीत वैद्यक स्वतःवर विसंबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी काढली. भूल देण्याआधी पेशंटकडून त्याची ओळख, ऑपरेशन कसलं आणि कोणत्या जागी, याची खात्री करून घ्यायची, आणि त्या जागी खूण केली आहे ना ते पाहायचं, असं ती सांगते. सगळं लॅटिन पाठ असलेला सर्जन मग वाकून विचारतो, "कोणता गुडघा, काका?" बरोबरच आहे. गुडघा ज्याचा, त्याला विचारलेलं बरं.