ओके, पण फाइल उघडी

भिलईच्या उन्हाळ्यात घरून काम करायचं तर जागा एकच, कूलरसमोरची. ती बाबांची. त्यामुळे माझं सगळं काम बाबांच्या देखरेखीखाली चालतं. बाबा ब्लास्ट फर्नेसवरून निवृत्त झालेले. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली, ही तारीख आमच्याकडे आईबाबांच्या लग्नाच्या तारखेआधी पाठ होते. भट्टी बंद पडू द्यायची नाही आणि बाकी काही उघडं ठेवायचं नाही, या दोन कलमांवर हे गाव चालतं.

मी टेस्ट चालवल्या. पडद्यावर 'रिसोर्सवॉर्निंग : अनक्लोज्ड फाइल'ची रांग लागली आणि तळाशी 'ओके' आलं.

"ओके कसं? वर बोंब चाललीय की."

मग समजावणं आलं. प्रोग्रामनं फाइल उघडली, वाचली, मिटली नाही. पायथन बहुधा ती स्वतःच मिटतो, पण मिटताना कुरकुरतो. ही कुरकुर २०११ च्या ३.२ आवृत्तीपासूनची. एरवी दाबलेली असते, युनिटटेस्ट चालवली की बाहेर पडते. आई रोज मुकाट्यानं आमचा पसारा आवरते आणि पाहुणे आले की त्यांच्यादेखत यादी वाचते, तसं. (आत भांडं आपटलं.)

"शेवटी मिटतेच ना बाबा, छोड़ो ना," असं म्हणून पाहिलं. पण शटडाऊनचं परमिट परत आल्याशिवाय लाइन चालू न करणाऱ्या माणसाला हे कोण पटवणार?

"आणि नाही मिटली तर?"

"लिनक्सवर एका प्रोसेसला बहुतेक ठिकाणी १०२४ फाइलींची मुभा असते. ती संपली की 'टू मेनी ओपन फाइल्स' आणि काम ठप्प. तेही टेस्टमध्ये नाही, सर्व्हरवर, रात्री."

"नाइट शिफ्टलाच," बाबा समाधानानं म्हणाले. 'विथ' लिहिलं की काम संपताच फाइल आपोआप मिटते, ही सोय २००६ पासून आहे, हे ऐकून मात्र ते चिडलेच. "मग लिहीत का नाहीत लेकाचे? कोणी उघडी ठेवली, कळतं का?"

कळतं. ट्रेसमॅलॉक चालू केलं की फाइल कुठल्या ओळीत उघडली ते दिसतं, 'गिट ब्लेम' केलं की ती ओळ कोणाची ते. समिती न बसवता दोषी सापडतो, हे बाबांना फार आवडलं. नाव निघालं.

"लाव फोन."

"तो नाही आता. मार्चमध्येच नोकरी सोडून गेला."

बाबांनी चष्मा काढला. "फाइल उघडी टाकून? मग त्याच्या नो-ड्यूजवर सही कोणी केली?"