उलटलेली वेळ माणसांच्या भाषेत कशी छापावी?

संगणकाला वेळ विचारली, तर बहुतेक यंत्रणा १ जानेवारी १९७०च्या जागतिक मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद सांगतात. माणसाला विचारली, तर तो म्हणतो, ‘आत्ताच की!’ पहिल्याचे म्हणणे दुसऱ्याला पटेल अशा शब्दांत सांगणे हे प्रोग्रामरचे कर्तव्य. त्यासाठी पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पायरी १ : वजाबाकी करा. आत्ताच्या वेळेतून तेव्हाची वेळ वजा करावी. उत्तर ऋण आले तर घाबरू नये. सर्व्हरचे घड्याळ आणि मोबाइलचे घड्याळ यांचे पटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘उणे ३ मिनिटांपूर्वी’ असे छापल्यास ग्राहक आपल्याला त्रिकालज्ञ समजतील. म्हणून शून्याखालचे सगळे ‘आत्ताच’मध्ये ढकलावे. उत्तर नेमके साडेपाच तासांनी चुकत असेल, तर कुणीतरी भारतीय वेळ टाइमझोन न लिहिता साठवली आहे. पावणेसहा तासांनी चुकत असेल, तर चौकशी काठमांडूत करावी.

पायरी २ : भागाकार करा. मिनिटासाठी ६०, तासासाठी ३,६००, दिवसासाठी ८६,४००. इथवर सारे सुखाचे. मग महिना येतो. तो २८, २९, ३० किंवा ३१ दिवसांचा असतो आणि कोणता हे आधी सांगत नाही. रिवाजानुसार ३० धरावेत आणि फेब्रुवारीला कळू देऊ नये. मात्र वर्ष ३६५ दिवसांचे ठेवल्यास ३६० ते ३६४ या पाच दिवसांत ग्राहकाला ‘१२ महिन्यांपूर्वी’ दिसेल, पण वर्ष काही भरणार नाही. तक्रार आल्यास तो सणांचा काळ होता असे कळवावे.

पायरी ३ : बिनधास्त गोल करा. या विद्येत ‘मोमेंट.जेएस’ ही लायब्ररी गुरुस्थानी. नव्या कामासाठी दुसरे काही पाहा, असे तिच्याच सांभाळकर्त्यांनी २०२०मध्ये सांगितले. पण गुरूचे सगळेच ऐकायचे नसते. तिच्या मूळ हिशेबात ४४ सेकंद म्हणजे ‘काही सेकंद’ आणि ४५वा सेकंद लागला की एक मिनिट. ८९ मिनिटांपर्यंत एक तास, नव्वदाव्या मिनिटाला एकदम दोन. दहा महिन्यांनंतर थेट वर्ष! अकरावा महिना तिथे उगवतच नाही. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या घरमालकांना हे दाखवू नये.

पायरी ४ : मराठी करा. इथे हौशी माणूस आकडा, एकक आणि ‘पूर्वी’ यांना नुसते चिकटवतो आणि पडद्यावर ‘१ महिनापूर्वी’ अवतरते. ‘१ महिन्यापूर्वी’, ‘२ महिन्यांपूर्वी’, ‘१ तासापूर्वी’, ‘२ तासांपूर्वी’ अशी रूपे हवीत. तासाचे अनेकवचन एका टिंबावर उभे असल्याने ते टिंब कोडमधून गळू देऊ नये. ही रूपे युनिकोडच्या सीएलडीआर या सामाईक साठ्यात आयती आहेत आणि आजचे ब्राउझर ती काढूनही देतात. पण आयते वापरले तर रात्रभर जागल्याचे समाधान मिळत नाही. ज्यांना ते हवेच आहे त्यांनी पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच हाताळावेत. नव्वदाव्या मिनिटाला ‘दीड तासापूर्वी’ म्हटले की गुरूची उडीही सावरते. ‘दीड’पुढे तास एकवचनी राहतो, ‘अडीच’पुढे अनेकवचनी होतो, ही अट लिहिताना सहकाऱ्यांना लांब बसवावे.

पायरी ५ : शिळे होऊ देऊ नका. पान उघडे ठेवून ग्राहक झोपला, तर ‘२ मिनिटांपूर्वी’ सकाळपर्यंत तसेच राहते. म्हणून मजकूर अधूनमधून ताजा करावा. स्क्रीनशॉट मात्र ताजा होत नाही. ‘उद्या पाणी येणार नाही’ या सोसायटीच्या सूचनेखाली ‘२ तासांपूर्वी’ असेल आणि तिचा फोटो ग्रुपवर फिरत राहिला, तर लोक महिनाभर रोज रात्री बादल्या भरतील.

अंतिम सूचना. नेमकी वेळ बोट ठेवताच दिसेल अशी सोय ठेवावी, आणि दिवसाहून जुन्या गोष्टीवर सरळ तारीख छापावी. असे केल्यास महिन्याचे दिवस, हरवलेला अकरावा महिना आणि व्याकरणाची निम्मी कटकट आपोआप मिटते. फक्त हा उपाय सोमवारच्या बैठकीतच सांगून टाकू नये. मग शुक्रवारपर्यंत काय करणार, असे विचारतात.