जगायला

भाऊबीज आटोपली आणि भाचा निघाला. ठाण्याचा हा मुलगा दर दिवाळीला जव्हारला येतो, हनुमान पॉइंटवर दरीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतो आणि "मामा, इथे करण्यासारखं काहीच नाही" असं सांगून परत जातो. यंदा मात्र इथून ठाणे आणि ठाण्याहून थेट बाली. समुद्राकाठी दोन महिने खोली, भाड्याची स्कूटर, तिच्यावरून भातखाचरं बघत हिंडायचं आणि रोज सकाळी योगवर्ग. शिक्षिका जर्मन.

योग समुद्राकाठीच शिकावा, हे मलाही पटतं. श्री योगेंद्रांनी 1918 साली योग संस्था काढली तीसुद्धा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. आता ती सांताक्रूझला आहे. कुवलयानंदांचं कैवल्यधाम 1924 पासून लोणावळ्यात उभं आहे. दोन्हीकडे ठाण्याहून रेल्वेने जाता येतं, हाच काय तो त्यांचा दोष. दादरला गाडी बदलून आत्मा सापडल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

भातखाचरांचंही तसंच. आवणीच्या दिवसांत एकदा त्याला बांधावर नेलं होतं. "शी, चिखल," म्हणाला आणि बूट हातात घेऊन परतला. बालीत चिखल दिसणाऱ्या खोलीचं भाडं जास्त असतं म्हणे.

समुद्राबाबत आमची बाजू लंगडी आहे, हे मान्य. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. वसईपासून झाईपर्यंत किनारा जिल्ह्याला मिळाला, पण जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला त्यातली मूठभर वाळूही आली नाही. पाणी आहे, पण ते मुंबईचं. मध्य वैतरणा धरण मोखाड्यात, त्याचे नळ मुंबईत आणि उन्हाळ्यात टँकर पुन्हा मोखाड्यात.

तर मी भाच्याला सोडायला एसटी स्टँडवर गेलो. बाकावर शेजारी एक बाई बसली होती. पायाशी गाठोडं, जर्मनचे टोप एकात एक घातलेले, गुंडाळलेली चटई आणि फडक्याने तोंड बांधलेली टोपली. टोपलीत कोंबडी. नवरा टेम्पोची चौकशी करायला गेला होता. भाच्याची पाठपिशवी तिच्या गाठोड्याहून मोठी होती, त्यामुळे तिला बहुधा आपुलकी वाटली असावी.

तेवढ्यात भाच्याने माझ्या पाया पडून घोषणा केली, "मामा, नोकरी करून कंटाळलो. आता जरा जगायला चाललोय."

बाई झटकन वळली. "कंचे भट्टीवर?"

इथे खुलासा करायला हवा. जव्हार-मोखाड्यात 'जगायला जाणं' या शब्दांना एकच अर्थ आहे. भात, नागली, वरई घरात आली, त्यातलं देण्याचं देऊन झालं आणि उरलेलं किती दिवस पुरणार हे कळलं, की दिवाळीनंतर माणसं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पाड्यावर जाऊन कुणाची चौकशी केली तर घरात उरलेली म्हातारी सांगते, "जगाया गेलीत." मरायला इथेच राहायचं असतं, हा त्यातला भाग ती बोलत नाही.

भाच्याने मराठी माणसाच्या भाबडेपणाने सगळं समजावलं. "मावशी, बालीला. लांब आहे, विमानानं जातात."

"बयाणा किती दिला मालकानं?"

बयाणा म्हणजे उचल हे मी त्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी नाही, मीच दिला. खोलीचे आणि वर्गाचे पैसे आगाऊ भरले."

बाई गप्प झाली. कोंबडीही गप्प झाली. मग बाईने माझ्याकडे पाहिलं, घरात मोठं माणूस असून पोराला असं फसू दिलंत, अशा नजरेने. तिच्या हिशेबात मुक्कामाचे आगाऊ पैसे मालक देतो आणि ते फिटेपर्यंत माणूस जागेवरून हलत नाही. बालीत पहिला व्हिसा तीस दिवसांचा, वाढवून मिळतो तोही तीसच. पुढे सरकारच निघा म्हणतं. भट्टीवर तेवढा कडकपणा नाही. शिमग्याला घरी येऊ दिलं तरी पुष्कळ, नाहीतर मुक्काम थेट पावसापर्यंत. बरोबर नेलेल्या पोरांसाठी शाळेचं शिक्षण हमी कार्ड मिळतं. पासपोर्टसारखंच जपून ठेवायचं. शिक्का मारणारं कुणी भेटलं तर भेटलं.

"काम काय करतेत तिथं?" तिने विचारलं.

"काम नाही. पहाटे उठून आसनं. शरीर मोकळं करायला शिकवतात." आणि एसटी यायला वेळ आहे हे बघून त्याने प्रात्यक्षिक सुरू केलं. मलासन. म्हणजे पाय फाकवून उकिडवं बसायचं. टाचा काही त्याच्या टेकेनात. बॅगेला धरून धरून तो कसाबसा तीन श्वास बसला आणि मागे कलंडला.

बाई उठली, साडी खोचली आणि त्याच्यासमोर बसली. टाचा जमिनीला, पाठ सरळ. बसल्या बसल्या दोन्ही हातांनी हवेतला चिखल साच्यात थापला, साचा उचलला, पाऊलभर मागे सरकली, पुन्हा थापला. चार विटा दाखवून झाल्यावरच थांबली. मध्यरात्र उलटली की बसायचं आणि ऊन चढेपर्यंत नवरा-बायकोने मिळून हजारेक पाडायच्या. हिशेब हजारावर. श्वास कधी घ्यायचा, हे कुणी शिकवत नाही.

"किती दिवसांत जमेल असं?" भाच्याने मनापासून विचारलं.

"माझी आय भट्टीवरच बाळंत झालेली," ती म्हणाली. उत्तर बहुतेक तेच होतं.

ठाण्याची गाडी लागली. भाचा पिशवी चढवू लागला, तेव्हा तिने त्याला एकदा खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "पैसे परत घेता यायचे नाय का? आमचे मालकाला मानसं कमी हायेत. पर ह्याचं लगीन झालंय ना?"

नाही झालं, मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मालक जोडीच घेतो."