मानव संसाधन विकासाच्या नवशिक्यांसाठी, भरवेलीहून

अभिनंदन. मानव संसाधन विकासाच्या एमबीएला तुमचा नंबर लागला. आता हे काय असतं ते घरी समजावणं ही पहिली पायरी. समजावू नका. भरवेलीच्या माणसाला संसाधन म्हणजे मँगनीज एवढंच ठाऊक, आणि त्याचा विकास सुरुंग लावून होतो. ‘पर्सोनेलचं शिकतोय, भरती-पगार-रजा,’ म्हणा. आजोबांना लगेच कळेल. नावाचा फार अभिमानही नको. 1975 च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी हे खातं कागदावर मांडलं. 1985 मध्ये दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयाने हे नाव लावलं आणि 2020 मध्ये काढूनही टाकलं.

दुसरी पायरी शिष्यवृत्ती. इथे दम धरा. 1956 पर्यंत आपल्या बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. आपली खाण ज्या मॉयल कंपनीची, तिचं मुख्य कार्यालय अजूनही नागपुरातच आहे. पण तुम्ही नागपुरात शिकायला गेलात की परराज्यातले. महाडीबीटीवर, म्हणजे महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तुम्ही नाही, कारण तुमचा अधिवास मध्य प्रदेशचा. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे पैसे ज्याचं त्याचं राज्य देतं, हे कॉलेजच्या काउंटरवरच्या बाईंना तुम्हीच सांगायचं. नम्रपणे, जेवणाच्या सुट्टीआधी. मी ‘मूल निवासी’ दाखला पुढे केला तेव्हा त्यांनी डोमिसाईल मागितलं. तेच आहे, म्हटलं. मग मध्य प्रदेशच्या समग्र आयडीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “आणि हे काय?” कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी, असं मी सांगू लागलो. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “लवकर आटपा जी!” दाखल्यांच्या दहा झेरॉक्स ठेवा. अकरावी लागेलच.

ग्रंथालयाबद्दल थोडक्यात: पुस्तकात 29 कामगार कायदे असतील, त्यांच्या आता चार संहिता झाल्यात. दोन्ही पाठ करा, पेपर कोण काढेल सांगता येत नाही. जुने प्रबंध शोधगंगेवर फुकट मिळतात, पण उचलेगिरी बेतानेच. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. नेट द्यायची असेल तर विषय क्रमांक 55. रात्री झोप उडाली तर 14416 वर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आणि चोवीस तास. ही एवढी एकच ओळ मी गंमत म्हणून लिहिलेली नाही.

आता प्रोजेक्ट. पुण्या-मुंबईची मुलं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मागे लागतात. तुमच्या घरामागे आशियातली सर्वांत खोल समजली जाणारी भूमिगत मँगनीज खाण आहे. 1955 च्या खाण नियमांनी पाचशे किंवा त्याहून जास्त माणसांच्या खाणीत वेल्फेअर ऑफिसर नेमायला लावला. तुमच्या विषयाचा आजा तोच. कॉलेजचं पत्र घेऊन जा. प्रश्नावली मात्र पाळी सुटताना काढू नका. मी काढली होती. पिंजऱ्यातून वर आलेला माणूस आधी कॅप-लॅम्प जमा करतो, मग तोंड धुतो, मग चहा. त्याला मी विचारलं, “संस्थेच्या ध्येयांशी मी भावनिकरीत्या जोडलेला आहे. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ?” तो टॉवेलने कान पुसत म्हणाला, “मधलं लिव ना बाबू.” पुढचे चाळीस जण मधलंच म्हणाले. गाईडसरांनी त्याचा आलेख काढायला लावला. एकच खांब आला, सरळ, अगदी शाफ्टसारखा.

शेवटी आमच्या गल्लीतल्या, खाणीच्या हजेरीवरून रिटायर झालेल्या काकांकडे गेलो. अर्धं आयुष्य त्यांनी कोण खाली उतरला नि कोण वर आला हे मांडण्यात काढलेलं. कुणाची बायको आजारी, कोण उसनवारीत, कोण लग्नासाठी डबल ड्यूटी करतोय, सगळं तोंडपाठ. दोन तासांत माझी वही भरली. प्रोजेक्टमध्ये त्यांचा उल्लेख ‘दुय्यम स्रोत’ असा करावा लागला.

निघताना त्यांनी विचारलं, “कालेजात तुयी हजेरी कोन मांडते?”

“बायोमेट्रिक आहे, काका.”

“मंग तू आजारी पडला त कोनाले कडते?”