अण्णा, गाडी टांगलेली होती

ड्युसेलडॉर्फ, रविवार

तीर्थरूप अण्णांना,


व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेल्याला तुम्ही पत्र मानत नाही, म्हणून घरभर पेन शोधलं. ओवीच्या दप्तरात सापडलं. शाई जांभळी आहे, चालवून घ्या.

काल आम्ही सगळे वुपरटालला जाऊन आलो. सगळे म्हणजे आम्ही दोघं, दोन्ही पोरं आणि सासूबाई. आमच्यापासून लोकलने अर्ध्या तासावरचं गाव, पण जवळचं म्हणून राहूनच गेलं होतं. तिथं जायचं कशाला, तर गाडी बघायला. ‘एसटीतल्या माणसाची मुलगी, दुसरं काय सुचणार,’ असं सासूबाई म्हणाल्या. बेत त्यांच्या चिरंजीवांचा होता, हे इथं नोंदवून ठेवते.

जर्मनीत गाड्या घड्याळाला लावून चालतात, असं तुम्ही कट्ट्यावर सांगता. कृपा करून बंद करा. आमची लोकल आधी पाच मिनिटं लेट, मग पंधरा, मग पाटीवरून नावच गायब. तुमचे जावई मोबाइलवर एकामागून एक मार्ग काढत होते आणि प्रत्येक मार्ग निघेपर्यंत बाद होत होता. फलाटावरची जर्मन मंडळी मात्र शांत. कोणी चौकशीच्या खिडकीवर हात आपटत नाही, कोणी कुणाच्या नावाने शंख करत नाही. सासूबाईंना ते बघवेना. ‘अहो, कोणीतरी बोला की,’ असं त्या शेजारच्या आजींना मराठीत म्हणाल्या. आजींनी त्यांना गोळी दिली. लिमलेटची. मग दोघी गाडी येईपर्यंत आपापल्या भाषेत बोलत बसल्या आणि दोघींचं एकमत होतं, असं लांबून तरी दिसत होतं.

आता तिकिटाचं, कारण तुम्ही पहिलं तेच विचारणार. इथं 2023 साली 49 युरोत महिन्याचा पास निघाला, तो आता 63 युरोवर गेलाय. एका पासात अख्ख्या देशातल्या लोकल, ट्राम, बस, सगळं चालतं. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या नाहीत. सासूबाई पाहुण्या, म्हणून त्यांना दिवसाचं तिकीट काढलं. ‘बायकांना अर्धं नाही?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी हा देश एकदम मागासलेला ठरला. फलाटावरच्या छोट्या यंत्रात तिकीट घालून त्यावर शिक्का उमटवायचा असतो, ते काम मात्र त्यांनी हट्टाने स्वतः केलं. टक् असा आवाज आला. तुमच्या पंचचा टिकटिकाट याच्यापेक्षा कितीतरी भारदस्त होता, पण कंडक्टरचं म्हणून इथं उरलंय ते एवढंच. फाटक नाही, वेबिल नाही, सुटे पैसे नाहीत. दारं उघडतात, माणसं चढतात, कोणी काही विचारत नाही.

फोहविंकेलला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की त्या गाडीचं शेवटचं स्टेशन. तिचं नाव श्वेबेबान. चाकं वर, रूळही वर, आणि डबा खाली लोंबतोय. फिकट निळा, चकचकीत, पोटाखाली काही म्हणजे काही नाही. सासूबाई जिन्यावरच थांबल्या. ‘हे कुणी ठरवलं?’

ठरवलं त्याला कारण आहे. वुपर नदीचं अरुंद खोरं, दोन्ही काठांना कापडाच्या आणि रंगाच्या गिरण्या, एल्बरफेल्ड आणि बार्मेन ही गावं वाढून एकमेकांना भिडलेली. रस्त्यावर जागा नाही, खाली खडक आणि पाणी. मोकळी काय ती नदीच्या वरची हवा. मग ऑयगन लांगेन नावाच्या इंजिनिअरच्या पद्धतीने नदीवर लोखंडी कमानी रोवल्या आणि गाडी त्यांना टांगली. लांगेन 1895 मध्येच वारला, त्याला काही बघायला मिळालं नाही. 1900 साली कैसर विल्हेल्म स्वतः बसून गेला, 1 मार्च 1901 ला गाडी लोकांसाठी सुरू झाली. साडेतेरा किलोमीटरला थोडी कमी, वीस स्टेशनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा तास. आणि ही काही जत्रेतली गंमत नव्हे. लोक हिच्यातून कामावर जातात, भाजी आणतात, पेंगतात.

‘मला कुंभार्ली घाटातसुद्धा गाडी लागत नाही,’ असं जाहीर करून सासूबाई चढल्या. पाय ठेवताच डबा किंचित हलला. त्यांनी खांब धरला आणि रामरक्षा सुरू केली, मनातल्या मनात, पण ओठ दिसत होते. पोरं तोवर मागच्या काचेला जाऊन चिकटली होती. गाडी टोकाला वळसा घेऊन एकाच दिशेने धावते, त्यामुळे मागे ड्रायव्हर नाही, नुसती मोठी काच. ती जागा मिळवायला डेपोत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांचं कसब लागतं. ओवीने टोपी टाकली. शेवटी रक्त कोणाचं!

पहिले तीनेक किलोमीटर नदी नाहीच, गाडी रस्त्याच्या वरून जाते, दोन्ही बाजूंना घरं. इतकी जवळ की एका खिडकीत बनियनवरचे आजोबा शर्टाला इस्त्री करताना दिसले. कॉलर झाली होती, बाही चालली होती. आमच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या खिडकीवरून दिवसभर गाड्या जातात, ते कुणाकुणाकडे बघणार? ‘पडदा लावायला काय होतं?’ असं म्हणत सासूबाईंनी मान वळवून पुढची खिडकी पाहिली. मग त्याच्या पुढची. रामरक्षा कधी थांबली ते त्यांनाही कळलं नाही.

पुढे प्राणिसंग्रहालयाजवळ नदी पायाखाली येते, जवळजवळ बारा मीटर खाली. मग बायर कंपनीचा कारखाना, पाइपांच्या जंजाळातून गाडी सरकत जाते. तुमच्या जावयांनी माहिती पुरवली की अ‍ॅस्पिरिन 1897 साली इथंच, एल्बरफेल्डला तयार झालं. सासूबाई रोज रात्री जेवणानंतर घेतात ती रक्त पातळ करायची छोटी गोळी म्हणजे तेच. त्यांनी कारखान्याकडे बघून चक्क नमस्कार केला.

आणि मग तपासनीस. अण्णा, तुमच्या मार्ग तपासणी पथकाची जीप तरी लांबून ओळखू यायची. इथं जीन्स घातलेला, कानात बाळी असलेला पोरगा शेजारून उठला आणि सासूबाईंपुढे हात करून उभा राहिला. त्यांनी पर्स छातीशी धरली. त्याने ओळखपत्र दाखवलं, ते त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. जर्मन येत नाही म्हणून काय झालं, फोटो जुळतो का ते तरी बघायला हवं. समाधान झाल्यावर पर्सच्या आतल्या कप्प्यातल्या पाकिटातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिकीट निघालं. विनातिकीट सापडलं तर 60 युरो दंड असतो. तो पोरगा पुढं गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘गुणी आहे. थांबला.’ फुकटे इथंही असतात, अण्णा, पण एकूण व्यवहार माणसाच्या शब्दावर चाललाय. तुम्हाला हे पटणार नाही. मलाही आधी पटलं नव्हतं.

आडलरब्रुकं स्टेशनला मुद्दाम उतरलो. एक म्हणजे, तुमच्या मार्क्सच्या जोडीदाराचं, एंगल्सचं घराणं इथलं. 1820 मध्ये बार्मेनला जन्म, आणि वडील कोण, तर गिरणीमालक! जवळच त्याचा दीड पुरुषाहून उंच पुतळा आहे, 2014 साली चीनने भेट दिलेला. युनियनच्या सभांत तुम्ही त्याचं नाव इतकं घेतलंत की मला एखाद्या काकांना भेटल्यासारखं वाटलं. फोटो पाठवतेय, कट्ट्यावर दाखवा.

दुसरं म्हणजे हत्ती. हे नीट वाचा. 21 जुलै 1950 ला एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी तुफी नावाची हत्तीण या गाडीत बसवली. लहान होती, पण हत्तीणच. डब्यात पत्रकार, फोटोग्राफर, खच्चून गर्दी. वर चाकांचा आवाज, खाली डुलणारा डबा. तुफी बिथरली, गरगर फिरली आणि डब्याची बाजू फोडून थेट नदीत. नदी उथळ, तळाला गाळ. एवढ्या उंचीवरून पडून तिला किरकोळ खरचटलं, बाकी काही नाही. सर्कसवाल्याला आणि गाडीच्या अधिकाऱ्याला दंड झाला. गंमत म्हणजे डबाभर फोटोग्राफर असून पडतानाचा एकही फोटो नाही. दुकानात मिळतं ते पोस्टकार्ड जोडकाम आहे. तुफीच्या नावाने तिथं दूधही विकतात. नदीत आता दगडी हत्ती बसवलाय, धाकटा त्याला अर्धा तास हाका मारत होता. हत्तीचं तिकीट अर्धं लावलं की पूर्ण, ते मला सापडलं नाही.

तुम्ही काळजी कराल म्हणून सांगते, सव्वाशे वर्षांत प्रवाशांचा जीव घेणारा अपघात एकच. 1999 च्या एप्रिलमध्ये रात्री दुरुस्ती करणारे रुळावरची लोखंडी पकड काढायला विसरले, पहाटेची पहिली गाडी त्यावर आदळून नदीत गेली, पाच माणसं दगावली. हे मी सासूबाईंना घरी आल्यावर सांगितलं.

जेवायला वेळ नव्हता, पण इकडची कॉफीची पद्धत बघायची होती. तीन पायांचं, आपल्या पाण्याच्या बंबासारखं कथलाचं भांडं टेबलावर येतं, तोटी फिरवून कॉफी घ्यायची. सोबत गरम वाफल, चेरी, काळा पाव, आणि वाफलवर घालायला तांदळाची खीर. खरंच खीर, वर साखर आणि दालचिनी. सासूबाईंनी चाखली, विचार केला आणि निकाल दिला: ‘वेलदोडा विसरलेत.’ पण वाडगं पुसून घेतलं.

त्या पुढच्या महिन्यात कराडला परततायत. तुमच्याकडे एक चक्कर नक्की होईल आणि हा सगळा प्रवास तुम्हाला पुन्हा ऐकावा लागेल. आजच फोनवर धाकट्या वन्सांना सांगताना गाडी पन्नास फूट डुलली होती आणि तपासनीस चौघे होते. तेव्हा गाडीचं डुलणं, उंची आणि तपासनीसांची संख्या यांतून निम्मं वजा करा. हत्तीच्या बाबतीत मात्र त्या सांगतील तो शब्द न् शब्द खरा धरा.

तुमची,
मंजू